साडेसहा ते नऊ: दारू सोडताना शरीराचं, घराचं आणि संध्याकाळचं काय करायचं

मी मोटार रिवायंडिंगचं काम करतो. जळालेल्या मोटारीतली तार उपटायची, स्लॉट साफ करायचे आणि वेढे मोजत नवी तार भरायची. या धंद्यात हात स्थिर लागतो. माझा हात सकाळी थरथरायचा आणि नाइंटी, म्हणजे ९० मिली दारू, पोटात गेली की थांबायचा. बँकेत जायचं झालं तरी आधी नाइंटी, कारण त्याशिवाय सही जुळायची नाही. कॅशियर स्लिप परत सरकवायचा, "पुन्हा करा." हात थांबवणारी दारूच तो थरथरवतेही, हे कळायला मला चाळिशी उजाडली.

थांबून आता तेरा वर्षं झाली. या काळात कितीतरी माणसं, त्याहून जास्त त्यांच्या बायका आणि आया, दुकानातल्या स्टुलावर येऊन बसल्या. सगळ्यांचा प्रश्न एकच: कशी सोडवायची? सोडणारे पुष्कळ असतात. मी स्वतः आठ-नऊ वेळा सोडली होती. पण संध्याकाळी साडेसहा वाजले की करायचं काय, हे कोणी ठरवलेलं नसतं. त्याच वेळेला ती परत येते. या लेखातला मोठा भाग त्या अडीच तासांबद्दल आहे. त्याआधी मात्र शरीराचं पाहावं लागतं, नाहीतर साडेसहापर्यंत पोचायच्या आधीच माणूस आयसीयूत जातो.

"मी श्रावण पाळतो" हा पुरावा नाही

आपल्याकडे व्यसन नसल्याचं प्रमाणपत्र श्रावण देतो. गटारीला पोटभर घ्यायची, महिनाभर हात लावायचा नाही, आणि मग छाती ठोकून सांगायचं, "बघा, मनात आणलं की सोडतो." मीही सांगायचो. पण शेवटच्या आठवड्यात मी किती वेळा कॅलेंडर बघायचो ते बायकोला विचारा. आणि सुटल्यावर पहिल्याच रात्री किती घ्यायचो तेही.

थांबता येतं का, यापेक्षा सुरू केल्यावर काय होतं ते बघा. डॉक्टर साधारण सहा गोष्टी तपासतात. तीव्र तलफ येते का. दोनच घ्यायच्या ठरवून पाच होतात का. न घेतल्यावर थरथर, घाम, उलटी, झोप उडणं असं काही होतं का. पूर्वी नाइंटीत जे व्हायचं त्याला आता क्वार्टर लागते का. पोरांचा अभ्यास, नातेवाईक, भजन, क्रिकेट हे सगळं मागे पडून दिवस तिच्याभोवती फिरतो का. नुकसान डोळ्यांनी दिसत असूनही चालूच आहे का. वर्षभरात यातल्या तीन किंवा जास्त गोष्टी एकत्र दिसल्या, तर त्याला अवलंबित्व म्हणतात. हा आजार आहे. ‘पिदाडा’ म्हटल्याने तो बरा होत नाही.

मापाचा हिशेबही एकदा करून टाका. डॉक्टरांचं एक माप म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. व्हिस्कीची १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सुमारे सहा मापं. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांसाठी: स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे चार मापं. एक माप जिरवायला शरीराला साधारण एक तास लागतो. लिंबूपाणी, थंड आंघोळ, काळी कॉफी यांनी हा वेग वाढत नाही. रात्री अकराला क्वार्टर संपवून पहाटे चारला गाडी काढणाऱ्याने एवढा हिशेब तरी करावाच.

रोज घेत असाल तर अचानक बंद करू नका

हे वाक्य वाचून लोकांना धक्का बसतो. घरचे म्हणतात, "अहो, बंदच करायची आहे ना!" हो. पण वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाखाली काम करायला शिकलेला असतो. स्प्रिंगवरचं वजन एकदम उचललं की ती उसळते, तसं होतं. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, धडधड, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, कोणीतरी हाका मारतंय असं वाटतं, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो. यात माणसं मरतात. आणि घरचे समजतात, बाहेरचं काहीतरी लागलं.

म्हणून शपथ आणि माळ यांबद्दल थोडं. आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेला, पंढरपूरला जाऊन तुळशीची माळ घातलेला माणूस परतीच्या एसटीतच थरथरू लागतो. मग एक तर तो माळ खुंटीला टांगतो, नाहीतर श्रद्धेने सहन करतो आणि फिट येऊन पडतो. माळेला मी नावं ठेवत नाही. पुढे तिच्याबद्दल चांगलंच लिहिणार आहे. फक्त क्रम बदला. आधी डॉक्टर, मग माळ.

सकाळी उतारा, म्हणजे थरथर थांबवायला थोडी दारू, घ्यावा लागत असेल, पूर्वी कधी फिट आली असेल, लिव्हरचा किंवा हृदयाचा त्रास असेल, वय साठीच्या पुढे असेल, तर घरी प्रयोग नको, दाखल व्हा. लक्षणं सौम्य असतील तर डॉक्टर घरीही औषधं देतात, पण गोळ्या घरच्या कोणाच्या तरी ताब्यात हव्यात. या गोळ्या पाच-सात दिवस कमी करत करत बंद करायच्या असतात. त्या आवडीने पुढे चालू ठेवल्या तर त्यांचंही व्यसन लागतं. मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून झोपेची गोळी आणू नका.

सोबत बी-१ म्हणजे थायमिन देतात, बऱ्याचदा इंजेक्शनने. पिणारा जेवत नाही, त्याच्यात हे जीवनसत्त्व संपलेलं असतं, आणि त्याच्या अभावी स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून "अशक्तपणा आलाय, ग्लुकोजची बाटली लावा" असा आग्रह धरण्याआधी डॉक्टरांना दारूचं सांगा. थायमिन आधी जावं लागतं. लाज वाटून हे लपवलं जातं आणि नको ते होऊन बसतं. फिट, बडबड, वारंवार उलट्या, ताप यांपैकी काहीही दिसलं तर १०८ला फोन करा.

कुठे जायचं? जिल्हा रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलमध्ये, मानसोपचार विभाग असतो. सरकारी मेडिकल कॉलेजांतही असतो. केस पेपर काढायचा आणि खोली विचारायची. वेड्यांच्या ओळीत उभं राहायची लाज मलाही वाटली होती. त्या ओळीत पुढे आमच्याच पेठेतले दोघं उभे होते. आधी फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६, दोन्ही मोफत.

२०१९ मध्ये केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीत दिसलं, की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाले होते. उरलेले ३७ कुठे असतात? माझ्या अंदाजाने शपथा घेत असतात.

चहातून औषध

‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर असतात, पत्रकं वाटली जातात. त्या पुडीत नेमकं काय आहे ते कोणालाच माहीत नसतं. पुष्कळदा डायसल्फिराम निघतं. याची गोष्ट गमतीची आहे. हे रसायन रबराच्या कारखान्यात वापरत, आणि तिथल्या कामगारांना दारू सोसेनाशी होते हे १९३७ मध्ये अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टरने लिहून ठेवलं होतं. पुढे डेन्मार्कमध्ये त्याचं औषध झालं. ते पोटात असताना दारू घेतली, की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदय कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

ज्याला माहीत आहे आणि जो स्वतःच्या मर्जीने घेतो, त्याच्यासाठी हे चांगलं औषध आहे. मी सव्वा वर्ष घेतलं. न सांगता दिलं तर तो विषप्रयोग झाला. वर एकदा कळलं, की तो माणूस घरचा चहा पिणं सोडतो. दारू मात्र सुटत नाही.

इतरही औषधं आहेत. नाल्ट्रेक्सोन दारूची मजा कमी करतं, अकॅम्प्रोसेट तलफ शांत ठेवायला मदत करतं. कोणाला कुठलं चालेल ते लिव्हरच्या तपासण्या बघून डॉक्टर ठरवतात.

केंद्रात दाखल करायचं तर

माझा पहिला अनुभव सांगतो, केंद्राचं नाव सांगत नाही. रात्री जीपमधून चौघं आले, हातपाय धरून उचललं. बारा दिवस एका खोलीत. डॉक्टर एकदाच दिसला. सकाळी रांगेत उभं करून आपापल्या पापांचा पाढा वाचायला लावायचे, अडखळला की पट्टा. बाहेर आलो त्याच रात्री प्यायलो, आणि पुढची दोन वर्षं "मला परत पाठवाल" या रागावर प्यायलो.

चांगलं केंद्र वेगळं असतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलं. तेव्हा शहरात गर्दची, म्हणजे ब्राउन शुगर हेरॉइनची, लाट होती. पेशंटला माणूस म्हणून वागवायचं, बरे झालेल्यांना कामात घ्यायचं, बायकांसाठी वेगळे गट चालवायचे, या गोष्टी महाराष्ट्राने तिथे पाहिल्या. सगळ्यांना तिथे जाता येणार नाही. पण जवळचं केंद्र बघताना विचारा: मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का, प्रमाणपत्र दाखवा. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री नर्स असते का? फिट आली तर कुठल्या हॉस्पिटलात नेता? घरच्यांना भेटता येतं का, फोन करता येतो का? सुटल्यावर फॉलोअप कसा? ‘उचलून आणतो’ हे जिथे सेवा म्हणून सांगतात तिथून परत फिरा. २०१७च्या कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मनोविकार मानसिक आजाराच्या व्याख्येत आहेत, त्यामुळे आजाऱ्याचे सगळे हक्क या पेशंटलाही आहेत.

एक गोष्ट केंद्रवाले सहसा सांगत नाहीत. महिनाभर आत राहून आलेला माणूस ताजातवाना दिसतो, वजन वाढलेलं असतं, घरचे पेढे वाटतात. खरी परीक्षा तर घरी आल्यावर असते.

साडेसहा ते नऊ

दिवसाचे बाकी तास सांभाळायला सोपे असतात. अडचण येते ती दिवेलागणीला. शरीराला वेळ पाठ असते. मी दुकानाचं शटर ओढलं की त्या आवाजानेच तोंडाला पाणी सुटायचं.

पहिला उपाय एकदम घरगुती: सहा वाजता पोटभर खा. चहा-बिस्किटावर भागवू नका. भाकरी-पिठलं, थालीपीठ, काय असेल ते. भूक आणि तलफ पोटात सारखीच वाटतात. दारू सुटल्यावर गोड खावंसं वाटतं, ते खा. शुगर असेल तर डॉक्टरांना विचारून. माझ्या खिशात वर्षभर गूळ-शेंगदाण्याची वडी असायची. बायको म्हणायची, "पोरासारखे झालात."

रस्ता बदला. माझ्या वाटेवर दोन परमिट रूम होत्या. मी मागच्या गल्लीने, म्हशीच्या गोठ्यावरून जायला लागलो. आठ मिनिटं जास्त लागायची. त्या गोठ्याच्या वासाचं मला अजून बरं वाटतं.

पैसे. पूर्वी खिसा रिकामा ठेवला की भागायचं. आता फोन हाच खिसा आहे. पहिलं वर्ष यूपीआयची मर्यादा कमी करा, किंवा पैशाचं ॲप घरच्यांच्या फोनवर ठेवा. पगाराच्या दिवशी कोणीतरी सोबत असावं. उधारी असेल तर ती स्वतः जाऊन फेडू नका, दुसऱ्याच्या हातून पाठवा. काउंटरवर उभं राहून फक्त पैसे देऊन परत आलेला माणूस मी पाहिलेला नाही.

तलफ लाटेसारखी येते, बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा. घड्याळात बघा, पाणी प्या, कोणाला तरी फोन करा, जागा सोडा. पहिल्या महिन्यात मी नुसते वेढे मोजायचो. जुन्या कॉइलवर तार गुंडाळायची, ऐंशीपर्यंत मोजायचं, परत सोडायची.

आणि कुठेतरी जा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा बहुतेक संध्याकाळी असतात, ते उगाच नाही. ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोन दारुडे, यांच्या भेटीतून सुरू झाली. त्या दलालाला त्या संध्याकाळी दारूपासून लांब राहायला दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलायचं होतं, एवढंच. आपल्याकडे या मीटिंगा शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये भरतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. बाकावर बसून माणसं शेअरिंग करतात. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. तिसऱ्यांदा एका रिक्षावाल्याने सहीचा किस्सा सांगितला, हुबेहूब माझा. त्याला बँकेऐवजी आरटीओत सही करायची होती.

मीटिंग मानवली नाही तर? मग माळ. संध्याकाळी देवळात हरिपाठ, नंतर भजन, पखवाजाच्या साथीने तासभर टाळ. वेळ तीच, साडेसहा ते नऊ. माळ घालून सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातले टिकलेले रोज देवळात जाणारे होते. नुसती गळ्यात घालून घरी बसणारे परत दारूकडे वळले. देव मानत नसाल तर तालीम, बॅडमिंटन, पोराचा अभ्यास, काहीही. पण ते रोज हवं, ठरल्या वेळी हवं, आणि तिथे आपण गेलो नाही तर "आज का आला नाहीस?" असं विचारणारं कोणीतरी हवं.

हळद, वरात, जत्रा, विसर्जन, आणि निवडणूक (तेव्हा तर फुकट) यांसाठी आधीच ठरवा. पहिलं वर्ष हळदीला जाऊच नका, अक्षतेला जा आणि जेवून निघा. "बसायचं का?" याला "आज नको" म्हणू नका, त्यात उद्याची तारीख दिल्यासारखं होतं. "मी घेत नाही" एवढंच म्हणा आणि विषय बदला. समोरचा तीनदा आग्रह करतो, चौथ्यांदा नाही.

घरच्यांसाठी

रात्री पिऊन आलेल्याशी बोलू नका. भांडण होतं, सकाळी त्याला आठवत नाही, तुमचंच रक्त आटतं. सकाळी, उतारा घेण्याआधी बोला, थोडक्यात, घडलेलंच सांगा: "काल तुम्ही ताट सरकवलंत आणि पोरगी न जेवता उठली. उद्या साडेनऊला सिव्हिलला जाऊ, केस पेपर मी काढते." माझ्या बायकोने हेच केलं होतं. जुनी यादी काढली नाही, रडलीही नाही. मला भांडायला काही सापडलंच नाही.

त्याच्या वतीने खोटं बोलणं बंद करा. "साहेब, त्यांना ताप आहे" हा फोन त्यालाच करू द्या. उधारी भरू नका. मारहाण होत असेल तर मात्र समजूत काढत बसू नका. १८१ किंवा ११२, आणि मुलांसह आधी सुरक्षित जागी. दारू हा आजार आहे म्हणून मार खायचा, असं कुठेही लिहिलेलं नाही. नातेवाइकांसाठी अल-अ‍ॅनॉनचे वेगळे गट असतात. तो थांबो न थांबो, तुम्ही जा.

गर्द, एमडी (मेफेड्रोन), गोळ्या

शरीराचं गणित इथे बदलतं. गर्दची टर्की, म्हणजे ती बंद केल्यावर होणारा त्रास, भयंकर वाटते, तिच्याने सहसा जीव जात नाही. पण काही आठवडे बंद ठेवून पुन्हा जुन्याच मात्रेने घेतली तर श्वास थांबून जीव जाऊ शकतो, कारण शरीराची सवय गेलेली असते. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे दिवस म्हणूनच सर्वांत धोक्याचे. यावर ब्युप्रेनॉर्फिनसारखे दीर्घकाळ चालणारे उपचार आहेत, ते सरकारी केंद्रांतही मिळतात. झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्यानेही दारूसारखंच एकदम थांबवू नये, फिट येऊ शकते. पोलिसांच्या भीतीने लोक लपतात. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्या आणि ते पूर्ण करणाऱ्या व्यसनीला थोड्या मात्रेच्या गुन्ह्यात खटल्यापासून सूट आहे. वकिलाला विचारून जा, पण जा.

पुन्हा घेतली तर

मी सातव्या महिन्यात स्लिप झालो. एका बागायतदाराची मोटार भर उन्हाळ्यात चालू करून दिली, विहिरीवर पाणी आलं, आनंदाने ग्लास पुढे आला. दुःखात घेणार नाही हे मी ठरवलं होतं, आनंदाचं ठरवलंच नव्हतं.

घेतली तर पहिल्या तासात कोणाला तरी सांगा. "आता मोडलीच आहे, सोमवारपासून बघू" हा विचार एका क्वार्टरचे चार महिने करतो. एक-दोन दिवस झाले असतील तर थांबा आणि त्याच संध्याकाळी मीटिंगला जा. आठवडाभर चालली असेल तर पुन्हा डॉक्टरांकडूनच थांबवा. दर खेपेला सोडतानाचा झटका आधीपेक्षा जोरात येऊ शकतो. नंतर, डोकं ताळ्यावर आल्यावर, त्या दिवशीचं सकाळपासूनचं लिहून काढा: काय खाल्लं, कोण भेटलं, कुठला रस्ता घेतला. माझ्या कागदावर दिसलं, की दुपारचं जेवण चुकलं होतं आणि मी घरी उशीर होईल असा फोन केला नव्हता. ग्लास शेवटी आला, आधीच्या गोष्टी दुपारीच झाल्या होत्या.

हल्ली मी दुकान नऊपर्यंत उघडं ठेवतो. काल पाच एचपीची सबमर्सिबल आली होती. सात वाजून दहा मिनिटांनी स्टुलावर एक पोरगा येऊन बसला, तिशीचा असेल, हात मांड्यांखाली दाबून धरलेले. काही बोलेना. मी तारेचं एक टोक त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "धर. मी मोजतो." बासष्टवर त्याच्या हाताने तार सोडली. आम्ही पहिल्यापासून परत सुरू केलं.